दोघांपैकी कोणी बसायचं

बाबा, आज वर्गात पुन्हा आपल्या वॉर्डाची पोटनिवडणूक शिकवली. फळ्यावर तीन उभ्या रेघा मारते, गावाचं नाव सांगत नाही. ज्याच्या विरोधात निम्म्याहून जास्त मतं पडली तोच निवडून येतो, हे पोरांना आधी खोटं वाटतं, मग त्याची गंमत वाटते. आज एका मुलीनं विचारलं, मॅडम, हे दोघं हरणारे आधी आपसांत बोलले कसे नाहीत? मी तास संपल्याचं सांगून बाहेर पडले. घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती.

बोलले होते की. आपल्याच स्वयंपाकघरात बोलले होते. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. अल्लीपूरच्या अलीकडच्या आपल्या गावात पंचायतीचे एक मेंबर वारले आणि त्यांची जागा रिकामी झाली. उरलेल्या मेंबरांत दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे मंजूर झालेली विहीर आपल्या मोहल्ल्यात खोदायची की कापसाच्या अडत्याच्या वाडीलगत, हे त्या एका जागेवर अडलं होतं. अडत्यानं स्वतःच फॉर्म भरला. तुम्ही जन्मात कशाला उभे राहिला नव्हता, पण आई रोज तीन खेपा नदीवर जायची, म्हणून तुम्हीही भरला. पलीकडच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी तुम्हाला न विचारता त्याच विहिरीसाठी आदल्या दिवशीच भरलेला. त्यांच्याही घरी नदीच होती.

फॉर्म मागे घ्यायला एक दिवस उरलाय. मी नागपूरहून एस.टी.नं आलेय, वहीची पिशवी अजून खांद्यालाच आहे. आई ज्वारीची भाकर थापतेय. टेलरकाका गळ्यातली टेप न काढताच पाटावर बसलेत आणि तुमचा दोघांचा तासभर एकच आग्रह चाललाय, तुम्ही उभे राहा, मी बसतो. पंगतीत वाढताना करतात तसा. दोघांनाही मोठेपणा स्वतःकडे घ्यायचा नाही. शेवटी काका म्हणाले, "पोरगी नागपुरात हेच शिकून राह्यली नं? तिले विचारा. तिनं सांगतलं तो बसन."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तशा नजरेनं तुम्ही माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "सांग बाई, कोन बसू?"

मी म्हटलं, कोणीच बसू नका. दोघं फिरले तर दोन गल्ल्या जाग्या होतील, मतदान वाढेल, लोकांना निवड मिळेल. असलं बरंच बोलले. आईनं तव्यावरची भाकर उलटता उलटता एवढंच विचारलं की एका घरची भाकर दोघांत वाटली तर ती वाढते काय. तुम्ही तिला गप्प केलंत. पोरीला कळतं म्हणालात.

तुम्हाला शिडीची निशाणी मिळाली. घरचीच शिडी दारात उभी करून ठेवलीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत राहिलात की आमच्या पोरीचा अभ्यास आहे यामागं. मोजणी शाळेत झाली. तुमची आणि काकांची मतं जवळजवळ सारखी, अडत्याची दोघांहून थोडी जास्त. दोघांची एकत्र केली तर तो कुठल्या कुठे. बेरीज मास्तरांच्या आधी मी केली होती.

विहीर वाडीलगत झाली. मोहल्ल्यातल्या बायांना तिथं जाता येईना, कुंपण पडलं. मी वसतिगृहात नळाखाली बादली लावायचे आणि आई नदीवर जायची. दोन उन्हाळ्यांनी ती काठावर घसरली, कंबर मोडून घरात बसली ती कायमचीच. मग तुम्ही सायकलला दोन्हीकडे डबे बांधून पाणी आणू लागलात. लोक हसायचे, बाप्या माणूस पाणी भरून राह्यला म्हणून. तुम्हीही हसायचात. मी सुट्टीत यायचे, ते पाहायचे, परत जायचे. दुसरं काय करणार होते? आठ-नऊ वर्षं तुम्ही ते पाणी ओढलंत, आणि एक दिवस सायकल भिंतीला लावून जे आडवे झालात ते उठलाच नाहीत.

तुम्ही कधी रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. निकालाच्या दिवशी शाळेतून परतताना मी रडत होते, तर उलट माझीच समजूत काढलीत. "तुही चूक नाई बाई. पुस्तकाले आपल्या गावची हवा कशी समजन?"

बाबा, पुस्तकाला समजली होती. दोघं सारखे उभे राहिले की तिसरा येतो, त्या ओळीखाली मी आदल्या आठवड्यातच लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. त्याच आठवड्यात नागपूरच्या सरांनी म्हटलं होतं, तिरंगी लढत डोळ्यांनी पाहायला मिळाली तर तुझ्या प्रबंधात जीव येईल. ते पुस्तक त्या दिवशी खांद्यावरच्या त्याच पिशवीत होतं.

प्रबंधाचं सगळ्यांनी कौतुक केलं. तुम्ही विचारलं होतंत, आपलं गाव आहे काय त्यात. मी आहे म्हटलं आणि तुम्हाला प्रबंधातलं ते पान हातात धरू दिलं. इंग्रजीत होतं, म्हणून.