तिच्या तळहातावरची जखम

सर, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडायची मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. खाडीकाठी उभ्या राहणाऱ्या नव्या शहराच्या सरकारी दवाखान्यात, त्या पत्र्याच्या शवागारात, मी डॉक्टर होऊन तुमच्या हाताखाली शिकायला आले. "शस्त्राची केस आली की गळा नंतर, आधी हात बघायचे," हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. स्वतःला मारणारा आधी चाचपडतो, मोठ्या जखमेशेजारी बारीक ओरखडे सोडतो. ज्याला दुसरं कोणी मारतं तो पातं अडवायला हात पुढे करतो. मी हरखून ऐकायचे. तिथल्याच सारसोळे गावच्या कोळ्याची पोर मी, इतक्या आपुलकीने मला कोणी शिकवलंच नव्हतं.

मग आमच्याच गावची एक बाई टेबलावर आली. माझ्याहून थोडी मोठी, लहानपणी आम्ही एकत्र खेळलेलो. नवऱ्याचं म्हणणं, डोकं फिरलं आणि तिने कोयत्याने स्वतःचा गळा चिरला. गळ्यावरचे ओरखडे तुम्ही मला दाखवताय. मी तिची उजवी मूठ उघडते. अंगठ्याच्या बेचक्यापासून तळहातभर आडवी, खोल, ताजी जखम.

"सर, हिने पातं धरलंय."

"अगं, कोळीण आहे. मासळी कापताना यांचे हात असेच कापतात."

"आम्ही विळीवर कापतो, सर. विळी पायाखाली दाबलेली असते, मासा दोन्ही हातांनी पात्यावर ओढायचा. लागलं तर बोटांच्या टोकांना लागतं. असं कधीच नाही."

"गावचं नातं बाहेर ठेवून यायचं इथे," तुम्ही म्हणालात, हातमोजे काढलेत आणि आत्महत्या लिहून मोकळे झालात.

तुम्ही पैसे खाल्ले असतेत तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. पण तुम्ही तिच्या नवऱ्याला ओळखतही नव्हतात. तुम्हाला फक्त खात्री होती. रोज खाडीपलीकडून येणाऱ्या तुम्ही आमच्या बायकांना मासळी कापताना एकदाही पाहिलं नव्हतं, आणि जी सांगत होती तिचं ऐकावंसं तुम्हाला वाटलं नाही. त्याच वर्षी नारळी पुनवेला तिचा नवरा मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचत होता. तिची आई बाजारात मला गाठून म्हणाली, "बाय, तुजे सायबानी लिवलं ती सोताच मेली. मंग तिनी हात कनाला आरवा केला?" हात कशाला आडवा केला, याचं उत्तर मला येत होतं, पण सही तुमची चालायची.

आता माझी चालते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. परवा एका बाईच्या हातावरच्या जखमेपाशी मी अडले, आणि सवयीने मनातल्या मनात तुम्हालाच विचारलं. तुम्ही बरोबर सांगितलंत.