सुटली म्हण

८ नोव्हेंबर १९९८

परत हरले! शेवटच्या वळणावर मैनाने असं काही ओढलं की तिच्या बुटांची माती थेट माझ्या तोंडात. यादव सर लांबून ओरडले — "पल्लवी, वरातीत चाललीस का गं?" सगळ्या पोरी खी खी हसल्या. परवाच आलेली ती चिमुरडी उज्वलासुद्धा! हसा.

मैनावर राग धरता येत नाही हीच पंचाईत. जिंकली की उलट तीच ओशाळते. सुरगाण्याकडची आहे, इथे वसतिगृहात राहते. तिचे आईबाप दिवाळी झाली की दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेवर कामाला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत डोंगरात जातात. जानेवारीत सोलापूरला राज्य स्पर्धा. तीन हजार मीटरला पहिल्या दोघींत आलं तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात निवड.

"आणि नाही आलीस तर?" मी विचारलं.

"मंग बागंवर. बाबा बोललाच हाय."

माझं बरं आहे. मी नाही आले तर मला फक्त बारावी करायची आहे.

१९ नोव्हेंबर

सरांनी आता दोन्ही वेळ केलंय. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या, संध्याकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या. रविवारीही! बाबा ओझरच्या कारखान्याच्या बसला जाताना मला मैदानावर सोडतात, तेव्हा मी स्कूटरवर झोपलेली असते. काल ताटावरच झोपले. आई म्हणाली, "आमटीत नाक जाईल गं!"

२७ नोव्हेंबर

मैना पायऱ्या आडव्या उतरते. खेकड्यासारखी. आधी वाटलं नाटक करतेय. पण मैनाला नाटक येत नाही.

कपडे बदलताना पाहिलं. उजव्या नडगीवर चिंधी आवळून बांधलेली! सोडायला लावली. वरून काही नाही, थोडीशी सूज. पण हाडावर एक जागा आहे, बोटाच्या पेराएवढी. तिथे मी हात टेकवला मात्र — किंचाळलीच.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं. चालताना बी दुखते आता."

म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता सरांना सांगू. तर तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ, पल्ले. सांगशील तर मी मरीन."

शपथ! शाळेत आम्ही ढीगभर आईशप्पथा घ्यायचो आणि मागून हळूच 'सुटली' म्हणून टाकायचो. सुटली म्हटलं की शपथ संपली, आई वाचली. पण गळ्याची शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. मी म्हटलं, "मैने, गंमत पुरे. सुटली म्हण."

"नाय म्हननार."

मी शपथा-बिपथा मानत नाही. मग एवढी भीती का वाटतेय?

२८ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

६ डिसेंबर

आईला खोटंच सांगितलं की माझी नडगी दुखते. तिने लगेच आंबेहळद उगाळून गरम केली. म्हटलं डब्यात दे, मैदानावर लावते. तर म्हणे, "तुला जमायचं नाही!" आणि माझ्या धडधाकट पायावर अर्धा लेप थापून मोकळी झाली. उरलेला मैनाला नेला. मी पिवळी तंगडी घेऊन धावत होते. सर म्हणाले, "हळद लागली वाटतं! लग्न कधी?"

मैना खूप हसली. हसता हसता तिने पाय दाबून धरला.

१५ डिसेंबर

आज सरांनी सगळ्यांची वजनं केली. मैनाचं उतरलंय. सर खूश! "हलकं अंग, लांब पल्ला." मैनाने आपलं अंडं उज्वलाला देऊन टाकलं. सर रोज घरून आम्हा सगळ्यांसाठी अंडी उकडून आणतात. पहाटे उठून, स्वतः. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

मैना सांगत होती, पावसाळ्यापासून तिची पाळीच आलेली नाही. "बरंच झालं. कटकट नाय." मला तर हेवाच वाटला! घरी येऊन आईला सांगितलं — नाव न घेता, आमच्यातली एक म्हणून. आईचं लाटणं थांबलं. "कोण गं ती? पोट नीट भरतं का तिचं? अंगात काही उरलेलं नाही त्या पोरीच्या. तुमच्या सरांना कळत नाही का?"

मी म्हटलं, हे सरांना कोण सांगणार?

आईने लाटणं परत चालू केलं. तीही सांगणार नाही. नुसतं मला जास्त तूप वाढलं.

२ जानेवारी १९९९

सांगितलं.

राहवेना. आज मैना ओढणीचा बोळा दातात धरून धावली आणि तरीही पहिली आली. थांबल्यावर ती खाली बसू शकत नव्हती. कठड्याला धरून उभी होती, तोंड पांढरंफटक. बाकीच्या गेल्यावर मी सरांना गाठलं आणि भडाभडा सगळं बोलले. चिंधी, नडगी, पाळीसुद्धा! लाज सोडून.

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे."

माहीत आहे!!

"तिच्या पावलाचा आवाज बदललाय. मला कळत नाही होय? तीन आठवडे काढायचेत, पल्लवी. सोलापूर झालं की तिला महिनाभर झोपू देतो. आत्ता थांबवली तर ती कुठे जाईल, माहितेय ना? तू सांग. थांबवू?"

मी काय सांगणार? थांबवा म्हटलं तर बाग. धावू द्या म्हटलं तर पाय. मला रडू आलं आणि त्याचाच राग आला.

जाताना म्हणाले, "मला कळलंय हे तिला बोलू नकोस. खचेल ती. तुला माझी शपथ आहे."

घ्या! एक टोक तिने धरलंय, दुसरं यांनी. मी काय कपडे वाळत घालायची दोरी आहे?

संध्याकाळी मैना पायऱ्यांवर दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. सांगशील तर मरीन म्हणाली होती ना.

११ जानेवारी

ती रोज धावते. मी रोज बघते.

२४ जानेवारी, सोलापूर

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत मैना दुसरी. मी तिच्या मागे, तिसरी. तिच्या पाठीवरचा नंबर तेवढा दिसत होता. वळणावर आवाज आला. काटकी मोडल्यासारखा. आधी वाटलं कुणीतरी चपलेखाली काहीतरी मोडलं. मग मैना आडवी झाली. माझ्या पायाशीच.

मी उडी मारून पुढे गेले.

थांबले नाही. थांबावं असं मनात आलं, पण पाय धावतच राहिले. कुणी शिकवलंय त्यांना थांबायला? मागून ती ओरडत होती. माझं नाव नव्हती घेत. "आयोऽ" म्हणत होती.

माझा दुसरा नंबर आला.

२५ जानेवारी

डॉक्टरांनी पायाचा फोटो उजेडासमोर धरला. "हे काल मोडलेलं नाही. हाड कधीचं तडकलं होतं. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

सर खाली बघत होते. मीही.

२१ फेब्रुवारी

बाबांना गळ घालून दिंडोरीकडे गेलो. मैना बागेत मांडवाखाली बसली होती, प्लास्टरचा पाय पसरून. पुढ्यात घमेलं. घडातले किडके मणी कात्रीने काढत होती. बसल्या जागचं काम तिला दिलंय. तिच्या आईने आम्हाला ओंजळभर द्राक्षं दिली. "पोरीला तुमी लय जीव लावला," म्हणाली. मला ती गिळवेनात.

मैनाने विचारलं, "पुन्याला कधी चाल्लीस?"

"जूनमध्ये."

"बूट घेऊन जा माझे. नवेच हायेत."

मग तिने दुसरा घड उचलला. न राहवून मी म्हटलं, "मैने, मी सरांना सांगितलं होतं गं. आधीच. तुझी शपथ मोडली मी." त्यांना आधीपासून माहीत होतं, हे मात्र बोलले नाही. ती दुसरी शपथ अजून माझ्याकडे आहे.

तिने कात्री खाली ठेवली. वाटलं, आता शिवी देणार. द्यायला हवी होती. तर तिने चिकट हाताने गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

"सुटली," म्हणाली. "जा."

परतताना स्कूटरवर बाबांच्या पाठीला डोकं टेकून रडले. बाबांना वाटलं झोपले.

३ मार्च

पुण्याला जाण्याआधी अंगात दम हवा म्हणून सरांनी मैनाचं वेळापत्रक मला दिलंय. दोन्ही वेळ, रविवारीही. अंडी अजून आणतात. एक अंडं उरतं.

१८ एप्रिल

आज पांडवलेणीवरून उतरताना उज्वला मागून म्हणाली, "ताई, तू आडवी का उतरतेस? सरांना सांगू?"

मी तिचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला.

पायथ्यापर्यंत मागे मागे आली, रडवेली होऊन. "ताई, सुटली म्हण ना. म्हण ना गं."

नाही म्हटलं.