ओट्यावरचं चुकलेलं गणित

परळी, मंगळवार, दिवेलागणीला

मी बाहेरून दहावीला बसतेय, हे घरात फक्त पूजाला माहीत आहे. माझी पोर, तीही यंदा दहावीलाच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या ओट्यावर थर्मल वीजकेंद्राची उडून आलेली राख बसलेली असते. तिच्यात बोटानं लिहून ती मला गणितं शिकवते, मग मी फडकं मारते. आज नेमकं फडकं मारायचं राहिलं.

आणि हे लवकर आले. ओट्यावर मी पाडलेले x² − x − 12 चे अवयव: (x + 4)(x − 3).

"कुणी केलं हे?"

"मी," पूजा पटकन म्हणाली.

हे बारावी शिकलेले. तिथंच उकिडवे बसून त्यांनी कंस गुणून पाहिले. मधलं पद अधिक आलं.

"चिन्हं उलटी घातलीस. परीक्षा तोंडावर आली अन् इतकं बी येत न्हाई? मग पुढं कावून शिकवायचं तुला?"

पूजाला हे गणित झोपेतही येतं! आणि मी? माझी जीभ का उचलली नाही? हे बोलतात ते खरंच करतात.

आत्ता फडकं घेऊन ओट्यावर गेलते. पुसलं नाही. चिन्हं तेवढी बदलली, (x − 4)(x + 3), आणि शेजारी माझं नाव लिहिलं.

सकाळी ओटा हेच झाडतात. तोवर वर नवी राख बसावी असं वाटतंय. बसू नये, असंही.