पट्ट्यापर्यंत हात

गुरुवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

आज अंबडला विनाचालक बसची चाचणी होती. व्हीलचेअरवरची प्रवासी म्हणून मला बोलावलं होतं. दारातून उतरती फळी आपोआप बाहेर आली आणि मी एकटी आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये चढताना मला कुणी उचललं नाही.

मग गाडी बोलली, "कृपया खुर्चीचा पट्टा लावा." व्हीलचेअर जागेवर धरून ठेवणारा तो पट्टा माझ्या खुर्चीच्या मागच्या चाकापाशी, अगदी खाली. माझा हात तिथे पोचत नाही. खुर्चीत बसलेल्या कुणाचा पोचेल? पट्टा लागल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. ती तेच सांगत राहिली. बाकीचे प्रवासी आधी माझ्याकडे, मग खिडकीबाहेर बघू लागले.

गाडी बनवणाऱ्यांपैकी तन्वी नावाची मुलगी धावत आली. "ताई, मी लावते ना."

"रोज तू असशील का?"

तिने वाकून पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. आमच्या हे लक्षातच आलं नाही."

राग यायला हवा होता. निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मी उतरले, गाडी बाकीच्यांना घेऊन गेली.

"सोमवारपर्यंत पट्टा वर घेते. याल?" तन्वीने विचारलं. येईन म्हणाले.

लहानपणी आईच मला कडेवर घेऊन बसमध्ये चढायची. घरी आल्यावर तिला एवढंच सांगितलं, "आज एकटी चढले." तिला एकदम रडू फुटलं. मी नुसती तिच्याकडे बघत बसले.