मनमिळाऊपणा: १.७

२ मार्च
सून रसिका पर्सनॅलिटी सायकॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स करतेय. कंपनीत एचआरला आहे, माणसं निवडते. प्रोजेक्टसाठी मला निवडलं. साहजिक आहे. आधी आपण स्वतःला पाचपैकी मार्क द्यायचे, मग ओळखीचे लोक देणार. मनमिळाऊपणा: कॉन्व्हेंटमध्ये नम्रता शिकवलीय म्हणून पावणेपाच. कर्तव्यदक्षता: पाच. तिथे नम्रता म्हणजे खोटेपणा.
रिपोर्ट वेळेवर येईल. आत्मारामभाऊ सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडताहेत. एकोणतीसला निवड. मी चौतीस वर्षं विमा ऑफिसात सुपरिंटेंडेंट होते; माझ्याहून लायक कोण आहे? रिपोर्ट नोटीसबोर्डवर लावणार.

४ मार्च
शेजारच्या नीलमबेनकडे फॉर्म नेला. तिचा गोंधळ नको म्हणून बाजूलाच बसले. एका ठिकाणी तिने दोन लिहिले. प्रश्न समजावून सांगितला. पाच लिहिले. मग म्हणाली, "दीदी, बाकी आप ही भर दो ना, मेरी दाल जल रही है."
रसिका म्हणते, हे बाद. माणूस समोर बसला की लोक खरं लिहीत नाहीत. निनावी लिंक पाठवणार. पाठव म्हटलं. मला कसली भीती!

९ मार्च
बारा उत्तरं आली. कर्तव्यदक्षता ४.८. मनमिळाऊपणा १.७.
रसिका म्हणते, नोकरीत माणूस कसा वागेल हे पुष्कळदा त्याच्यापेक्षा भोवतालच्यांनाच नीट सांगता येतं. मूर्खपणा. मी रिटायर झाले तेव्हा अख्खा सेक्शन रडला होता. हे म्हणाले, "आनंदाश्रूही असतात." ह्यांना आज चहा नाही.

१० मार्च
संकल्प: एकोणतीसपर्यंत मनमिळाऊपणा साडेचारवर नेणे. रोज तीन माणसांची स्तुती. आवाज खाली. नीलमबेनने पॅसेजमध्ये ठेवलेल्या चपलांच्या रॅकबद्दल अवाक्षर नाही.

१३ मार्च
तिसऱ्या मजल्यावरच्या संचिताला म्हटलं, तुझा आवाज किती गोड, फोनवर बोलतेस ते सहाव्या मजल्यावर ऐकू येतं. तिने तेव्हापासून खिडकी बंद ठेवलीय. स्तुती पचवायची सवय नसते लोकांना.
रॅकवर एक कुंडीही आलीय. हसले. बीपी १६०.

२१ मार्च
लिफ्ट बंद पडून नऊ दिवस झाले. ह्यांचे गुडघे सुजलेत, सहा मजले चढताना प्रत्येक जिन्यावर बसतात. लिफ्टवाले रोज "पार्ट येतोय" सांगतात. मीटिंगमध्ये आत्मारामभाऊ म्हणाले, "मृणालिनीताई, तुम्हीच जा. तुम्ही तोंड उघडलंत की माणूस सरळ होतो. लिफ्ट चालू करून आणा, मग सेक्रेटरी तुम्हीच." सगळ्यांनी माना हलवल्या.
एवढा विश्वास! माझा नवा स्वभाव दाखवायची याहून चांगली संधी नाही.

२३ मार्च
लिफ्टवाल्यांचं ऑफिस गोडदेवला. मॅनेजर अभिनव, तिशीचा. एकदाही आवाज चढवला नाही. त्याने चहा मागवला. त्याच्या आईची शुगर, बहिणीचं लग्न, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आंटी, तुमच्यासारखे कस्टमर असते तर आमचं आयुष्य सुधारलं असतं." पार्ट पुढच्या महिन्यात, दहा तारखेनंतर. म्हटलं, सावकाश होऊ दे, बाळा.
कामगिरी फत्ते. हे जिन्यात बसले होते, त्यांना सगळं सांगितलं. गुडघे चोळत राहिले. भारावले असावेत.

२६ मार्च
मीटिंगमध्ये लिफ्टचा रिपोर्ट दिला. नीलमबेन म्हणाली, "दीदी, आप को झगड़ने भेजा था कि चाय पीने?" पहिल्या मजल्यावरची संपदा, वय अठ्ठावीस, तिने तिथेच स्पीकरवर फोन लावला. चार मिनिटं. शब्द सगळे माझे, पार्किंगवरून मी तिला ऐकवलेले. तेही जसेच्या तसे! अभिनव "मॅडम, मॅडम" करत होता. पार्ट संध्याकाळी आला.

२९ मार्च, रात्री
ह्या वेळी टाळ्या वाजवून नाही, चिठ्ठ्या टाकून निवड झाली. संपदाला तेवीस मतं. मला एक. ते माझंच.
ह्यांना विचारलं, तुमचं मत कुठे गेलं? म्हणाले, "मृणालिनी, गुडघे माझे आहेत."