ओले फडके आणि माझा अर्धा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, व्हिडिओ गेमच्या दुकानाची अर्धी मालकीण, आज पूर्ण शुद्धीत आहे. उद्या सकाळी अक्कलदाढ काढण्यासाठी मला भूल देणार आहेत, त्यामुळे उद्याबद्दल तसे सांगता येत नाही. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. धाकटा भाऊ दोनदा दारातून डोकावून "ताई, दाढेने कोणी मरत नाही" असे म्हणून गेला. तो दबाव धरू नये.

भुलीच्या संमतीपत्रात अगदी खाली "क्वचित प्रसंगी जीवास धोका" असे छापले आहे. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, "अहो, ते कोणी वाचत नाही." मी वाचते. घरात शाळेत गेलेली पहिली मीच, आणि मला शाळेत घातले तेच वाचण्यासाठी.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांना वाचता येत नाही. अक्षर ते चित्रासारखे बघून काढतात, आणि सुंदर काढतात. मी लहान असताना एका चष्मेवाल्याने मजकुराच्या चिठ्ठीखाली लिहिले होते, "हे अक्षर जरा मोठे काढा." बाबांनी तेही मोठे काढले. पाटी चढली आणि सगळी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी आईने माझे बखोट धरून मला शाळेत नेऊन बसवले. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद माझ्या डोळ्यांखालून जातो.

कलम पहिले. माझे लोखंडी कपाट आतल्या कपड्यांसह आईला द्यावे. दार उघडताना थोडे वर उचलावे लागते. हे तिला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

कलम दुसरे. टेबलावरचा दिवा बाबांना. त्यांनी तो खरोखर लावावा, "वीज जळते" म्हणून झाकून ठेवू नये.

कलम तिसरे. दुकानातला माझा अर्धा हिस्सा धाकट्या भावाला (उरलेला अर्धा त्याचाच आहे), पण अटीवर. अट समजावी म्हणून आधीची हकीकत सांगणे भाग आहे.

दुकानात पाच कॉम्प्युटर आहेत. गेल्या महिन्यात तिथे एक विक्रेता आला. आम्ही त्याला चकाचक म्हणतो, कारण तो दुसरे काही म्हणत नाही. त्याच्याकडे नवे ग्राफिक्स कार्ड आहे. त्या कार्डामुळे खेळातला केस न् केस सुटा दिसेल आणि पाणी खऱ्याहून खरे दिसेल, असे तो म्हणाला.

मी विचारले, "खऱ्याहून खरं म्हणजे कसं?"

"मॅडम, चकाचक. शिवाय दोन चित्रांच्या मधली चित्रं हे कार्ड स्वतःच्या अंदाजाने काढतं."

बाबा चहा पीत बसले होते, ते दचकले. "अंदाजाने? मी एकदा पुसलं गेलेलं मधलं अक्षर अंदाजाने काढलं होतं. अख्खी पाटी फुकट परत करून द्यावी लागली."

चकाचकने त्याच्या लॅपटॉपवर एक रस्ता दाखवला. रस्त्यावर धूळ, मध्ये डबके, डबक्यातून चालणारा माणूस. आई म्हणाली, "एवढी धूळ दिसतेय, तर कोणी झाडून का घेत नाही?" बाबा म्हणाले, "पाण्यातून गेला, पण चप्पल कोरडी ती कोरडीच."

"काका, ओल्या चपला पुढच्या अपडेटमध्ये येणार आहेत."

भाऊ मात्र हरखून गेला. करार असा आहे की पाचही जुने कॉम्प्युटर चकाचकला देऊन टाकायचे आणि त्याचे नवे भाड्याने घ्यायचे. पटले नाही तर जुने परत मिळणार नाहीत, म्हणजे दुकानच उरणार नाही. आणि बारीक अक्षरात लिहिले आहे की चित्राचा दर्जा पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहील. करारावर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. चकाचक सही घ्यायला उद्या दुपारीच येणार आहे, म्हणजे मी भुलीतून अर्धवट बाहेर असताना. म्हणून,

कलम चौथे. उद्या मी मान हलवली तर ती गुंगी समजावी, होकार समजू नये. माझा अंगठाही घेऊ नये. या घरात अंगठा मीच बंद केला आहे.

चकाचकने एक कार्ड चाचणीसाठी ठेवले होते. आम्ही ते एका कॉम्प्युटरमध्ये घातले, शेजारी जुना ठेवला आणि दोन्ही खोक्यांवर चादर टाकली. मग घरच्यांना आणि रोजच्या गिऱ्हाइकांना विचारले, नवे कोणते? सगळ्यांनी डावीकडे बोट दाखवले. डावीकडे जुने होते.

भावाचा चेहरा पडला. मग आईने सांगितले की सकाळी तिने डाव्या कॉम्प्युटरचा पडदा ओल्या फडक्याने पुसला होता. उजव्याच्या पुढे चकाचकचे खोके होते, म्हणून तिचा हात पोचला नाही.

"म्हणजे तुझी टेस्ट खोटी, ताई."

"खोटीच. दोन्ही पुसून परत करू."

"आता कुठे वेळ आहे?"

म्हणून अट अशी. सही करण्याआधी भावाने पाचही पडदे पुसावेत आणि मग बघावे. तरीही नवे कार्ड सरस ठरले, तर त्याने खुशाल सही करावी, माझा आत्मा आड येणार नाही. न पुसता सही केल्यास माझा हिस्सा आईला जाईल. आईला खेळातले काही कळत नाही, पण "नको" म्हणणे उत्तम जमते.

कलम पाचवे. ते फडकेही भावालाच.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून घरातल्या कोणाची सही घेतलेली नाही. आईला वाईट वाटले. सही तिला मीच शिकवली आहे आणि ती वापरायला तिला जागा मिळत नाही. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांकडे मागितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी फक्त दातांपुरतं लिहून देऊ शकते." तो सोबत जोडला आहे.

सही: मी स्वतः
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका, दातांच्या डॉक्टर (दातांपुरत्या)
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ जून

पुरवणी

मी जिवंत आहे. तोंडात कापूस आहे, म्हणून सगळे लिहूनच सांगावे लागते.

भावाने अट पाळली. चाचणीचे कार्ड काढून खोक्यात ठेवले आणि पाचही पडदे पुसले. गिऱ्हाइके आली ती विचारतच, "नवीन कार्ड टाकलं का रे?" मग चकाचक आला. पडद्याकडे बघून तो म्हणाला, "बघा, आमचं कार्ड घातल्यावर कसं चकाचक दिसतंय." कार्ड त्याच्या कोपराशी, खोक्यात होते. भावाने ते खोके उचलून त्याच्या हातात दिले आणि त्याला बसपर्यंत सोडून आला. सही झाली नाही. दुकान आहे तिथेच आहे.

पण बसपर्यंत जाण्याआधी भावाने बाबांकडून दारावर पाटी रंगवून घेतली होती: "आता नव्या तंत्रज्ञानासह". ही गिऱ्हाइकांची फसवणूक आहे. मी अंथरुणातून बाबांना चिठ्ठी पाठवली, "त्याखाली लिहावे: म्हणजे ओले फडके. अक्षर जरा लहान काढा." चिठ्ठी वाचून दाखवायला भाऊ घरी नव्हता.

पाटीवर आता सगळे आहे. "अक्षर जरा लहान काढा" हेही, पुरेशा मोठ्या अक्षरात. गल्ली पुन्हा हसली. पाटी खरी आहे, म्हणून राहू द्यावी.

कलम पहिले आईच्या सांगण्यावरून रद्द करते. ती म्हणाली, "कपाट दे बाबांना. मला सही करू दे." कलम तिसऱ्यातूनही तिचे नाव काढले आहे. तिला आता माझ्याकडून काहीही मिळणार नाही, आणि ती फार खुश आहे.

सही: मी स्वतः
साक्षीदार: शिंपीकाका, आई (सही मोठी आल्यामुळे उरलेली पाठीमागे)
ठिकाण: अंथरूण
दिनांक: १२ जून