अपघात: शून्य

शिळफाटा, खोपोली
ता. १९ ऑगस्ट १९७४

ती. सौ. पुतळाअक्का हिस,

धाकट्या कमळाकरचा सप्रेम जय भीम. आम्ही इकडे बरे आहोत. तुमची लावणी आटोपली असेल. दामूदाजींच्या हाताची जखम भरली का, ते कळव.

गेल्या महिन्यात तू गिरणीच्या फाटकावर येऊन म्हणालीस, "माझ्या मानसाची दोन बोटं गेली, आन् तुमचे सायेब म्हन्तात असं काय झालंच नाय. तू तरी बोल रं." मी मान खाली घालून उभा राहिलो. का, ते आज लिहितो.

आमच्या कागद गिरणीत जखमी माणसाचं नाव कंपाउंडर मकसूदभाई दवाखान्याच्या वहीत लिहितात. जूनमध्ये अशी अकरा नावं आहेत. मुंबईच्या हेड ऑफिसला गेलेल्या जूनच्या अहवालात मात्र "अपघात: शून्य". आणि दाजींचा हात रोलरमध्ये सापडला, त्या दिवसापासून हजेरीत ते "बिनपरवानगी गैरहजर". त्याच कारणावर त्यांना काढलं. कागदाच्या वजनात दोन किलोंचा फरक आला तर साहेब ऑफिस डोक्यावर घेतात. माणसांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर कोणाला काही वाटत नाही. माझं डोकं भणभणतं, अक्का.

अहवाल कोणी लिहिला, हे तू विचारलं नाहीस. मी लिहिला. साहेब म्हणाले, "मागच्या महिन्यासारखंच उतरवा." दाजी दवाखान्यात पडलेले ठाऊक असून मी उतरवलं. तीन वर्षं दर महिन्याला तेच केलं.

जुलैचा अहवाल मी दवाखान्याची वही शेजारी ठेवून लिहिला. जूनची दुरुस्ती जोडली. नाव, तारीख, यंत्र, सगळं. साहेबांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं?"

"वहीत आहे तेवढंच लिहिलंय, साहेब."

त्यांनी सही केली नाही. मी एक प्रत हेड ऑफिसला आणि एक सरकारी कारखाने निरीक्षकांना रजिस्टर पोस्टानं धाडली.

परवा निरीक्षक आले. वह्या समोरासमोर ठेवून त्यांनी हजेरीत "कामावर जखमी" अशी दुरुस्ती करून घेतली. दाजींना परत कामावर घेण्याचं पत्र निघालं आहे. मला ऑफिसातून काढून गोदामात टाकलं. मकसूदभाईंनी जुन्या वह्या काढून दिल्यात. राहिलेली नावं रविवारी बसून उतरवतो आहे.

हे पत्र दाजींना पूर्ण वाचून दाखव, माझ्यासाठी काही गाळू नकोस. ऐकल्यावर त्यांनी बोलावलं, तरच तुझ्या दारात येईन.

तुझा अपराधी भाऊ,
कमळाकर